चार गोळ्या उपाशीपोटी की एक नाश्त्यासोबत? अबिरॅटेरॉनच्या मात्रेचं प्रकरण

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या पेशंटला अबिरॅटेरॉन हे टेस्टोस्टेरॉन बनणं अडवणारं औषध सुरू करायचं, तर कंपनीच्या माहितीपत्रकातली सूचना पक्की आहे. रोज १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५०च्या चार गोळ्या, एकदम आणि उपाशीपोटी. आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. जोडीला प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची छोटी गोळी. असं असूनही आपल्याकडे बऱ्याच कर्करोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर वेगळंच दिसतं: २५०ची एकच गोळी, सकाळी, हलक्या नाश्त्याबरोबर. पेशंटचा मुलगा घरी जाऊन खोक्यातला कागद उलगडतो आणि फोन करतो, ‘‘डॉक्टर, तीन गोळ्या लिहायच्या राहिल्या का? आणि इथे तर खाऊन घेऊ नका असं छापलंय.’’

मुलगा शंका घेतो त्यात काही चूक नाही. छापील मात्रेच्या पावपट औषध, तेही सूचनेच्या नेमकं उलट घ्यायचं, हे ऐकायलाच विचित्र वाटतं. हा निव्वळ काटकसरीचा मामला आहे की त्यामागे शास्त्र आहे, एवढ्याच प्रश्नाभोवती हे प्रकरण फिरतं. उत्तरासाठी मात्र थोडं मागे जावं लागतं, कारण १००० हा आकडा कसा ठरला ते कळल्याशिवाय २५०चं कोडं सुटत नाही.

नावानेच फसवलेला आजार

१९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरन्स हॉजेस यांनी दाखवलं, की वृषणं काढली की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग आवरतो आणि रक्तातलं अॅसिड फॉस्फटेज (आजाराची तेव्हाची खूण असलेलं एन्झाइम) खाली येतं. हगिन्स यांना १९६६मध्ये नोबेल मिळालं. उपचाराची पहिली पायरी आजही तीच आहे: शस्त्रक्रियेने किंवा इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन पाडायचं. आपल्याकडे बरीच कुटुंबं शस्त्रक्रिया निवडतात, कारण खर्च एकदाच होतो आणि दर तीन महिन्यांनी इंजेक्शनासाठी शहर गाठावं लागत नाही.

त्रास नंतर सुरू होतो. काही काळ उपचार लागू पडतो आणि मग पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, पुन्हा चढायला लागतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खालीच असतं, पण आजार हलायला लागलेला असतो. या अवस्थेला कित्येक वर्षं ‘हार्मोन-रिफ्रॅक्टरी’ म्हणत असत. म्हणजे हार्मोनचा खेळ संपला, आता केमोथेरपी किंवा वेदनाशामक.

आता मागे वळून पाहिलं की नवल वाटतं, कारण उलटा पुरावा दर महिन्याच्या रिपोर्टवरच छापलेला होता. पीएसए तयार करणारा जनुक अँड्रोजन रिसेप्टरच्या, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनांना (अँड्रोजनांना) पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाच्या, हुकमाने चालतो. रिसेप्टर खरंच थंड पडला असता, तर पीएसए चढलंच नसतं. ते चढत होतं याचा अर्थ पेशीत कुणीतरी तो हुकूम अजून देत होतं.

पेशींच्या पातळीवरचा पुरावा हळूहळू जमा झाला. १९९५मध्ये फिनलंडमधल्या टॅम्पेरेच्या संशोधकांना उपचारांनंतर उलटलेल्या सुमारे तीस टक्के गाठींत अँड्रोजन रिसेप्टरच्या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. हार्मोन कमी पडला तर पेशी त्याला पकडणाऱ्या रिसेप्टरांची संख्याच वाढवते. २००४मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने उंदरांत वाढवलेल्या गाठींच्या जोड्या तपासल्या, त्यात एक उपचाराला जुमानणारी आणि दुसरी न जुमानणारी. प्रत्येक जोडीत आढळलेला सामाईक बदल एकच होता: रिसेप्टरचं वाढलेलं प्रमाण. आणि २००८मध्ये दुसऱ्या अवयवांत पसरलेल्या गाठींच्या तुकड्यांत टेस्टोस्टेरॉन मोजलं गेलं. वृषणं निकामी केलेल्या पेशंटांच्या गाठींतही ते भरपूर होतं, आणि ते बनवणारी एन्झाइमंही तिथेच हजर होती. त्यानंतर ‘हार्मोन-रिफ्रॅक्टरी’ हे नाव मागे पडलं आणि ‘कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट’, म्हणजे वृषणं निकामी करूनही न जुमानणारा, हे रुळलं.

एका एन्झाइमचा नाका

वृषणांव्यतिरिक्त अँड्रोजन तयार होतात ते मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथींत आणि खुद्द गाठीत. तिन्ही ठिकाणची वाट सीवायपी१७ए१ या एकाच एन्झाइममधून जाते. ते लागोपाठ दोन रासायनिक कामं करतं, आणि दोन्ही झाल्याशिवाय कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉनपर्यंतची साखळी पुरी होत नाही.

हे ओळखण्याआधी लोकांनी सरळ उपाय करून पाहिले होते. हगिन्स यांनीच १९४५च्या सुमारास काही पेशंटांच्या दोन्ही अॅड्रेनल ग्रंथी काढल्या. त्या काळी बदली म्हणून द्यायला कॉर्टिसोन हाताशी नव्हतं, त्यामुळे निकाल वाईटच लागले. पुढे केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध मोठ्या मात्रेत वापरलं गेलं. ते या एन्झाइमला थोडंफार अडवतं, पण सोबत यकृतालाही त्रास देतं.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये गेरी पॉटर, इलेन बॅरी, मायकल जार्मन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात याच एन्झाइमसाठी नेमका रेणू बांधला. सांगाडा एन्झाइमच्या नेहमीच्या स्टेरॉइडसारखाच, फक्त सतराव्या कार्बनवर पिरिडिनचं एक वलय. या वलयातला नायट्रोजन एन्झाइमच्या मध्यभागी असलेल्या हीम नावाच्या भागातल्या लोहाला जाऊन धरतो. २०१२मध्ये कॅन्सस विद्यापीठात एमिली स्कॉट यांच्या प्रयोगशाळेने दोघांची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा अबिरॅटेरॉन हीमच्या पातळीशी साधारण साठ अंशांचा कोन करून त्या पोकळीत उभं असलेलं दिसलं. ही पकड घट्ट असते आणि सुटायला वेळ लागतो. मात्रेच्या वादात हीच गोष्ट पुढे कामी येते.

औषधाचा बाजारापर्यंतचा प्रवास मात्र रखडला. बोरिंगर इंगेलहाइमने परवाना घेतला आणि सोडून दिला. मग बीटीजी या ब्रिटिश कंपनीकडे आणि २००४मध्ये कौगर बायोटेक्नॉलॉजी या छोट्या अमेरिकी कंपनीकडे तो गेला. ‘हार्मोनचा खेळ संपला’ असं मानणाऱ्या जगात हार्मोन आणखी पाडणाऱ्या औषधाला कोण विचारणार?

१००० आला कुठून

इंग्लंडमधल्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात योहान द बोनो आणि गेर्ट अटार्ड यांनी केलेली पहिल्या टप्प्याची चाचणी २००८मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २१ पेशंट होते. मात्रा २५०पासून चढवत २००० मिलिग्रॅमपर्यंत नेली. मात्रा थांबवावी लागेल असा विषारी परिणाम कुठेही दिसला नाही. २१पैकी १२ जणांचं पीएसए निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं. आता कळीची बाब: हा परिणाम सगळ्या मात्रांवर दिसला, २५०वरसुद्धा. मात्रा वाढवत गेल्यावर एका टप्प्यानंतर हार्मोनांवरचा परिणाम वाढेनासा झाला. त्या पठाराच्या आत सुरक्षितपणे राहावं म्हणून १००० ही मात्रा पुढच्या अभ्यासासाठी निवडली गेली.

निवड गैर नव्हती. औषध चालतं की नाही हेच अजून ठरायचं होतं, आणि मात्रा कमी पडून चांगलं औषध वाया जाण्याची भीती कुठल्याही संशोधकाला असते. अडचण अशी झाली, की नंतर या आकड्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. केमोथेरपी घेतलेल्या १,१९५ पेशंटांच्या चाचणीत अबिरॅटेरॉन घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) १४.८ महिने भरलं आणि नुसतं प्रेडनिसोन घेणाऱ्यांचं १०.९. त्यावर २८ एप्रिल २०११ला एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मान्यता दिली. मग केमोथेरपीच्या आधी देऊन पाहिलं, मग आजार पहिल्यांदा पसरलेला सापडताच देऊन पाहिलं. २०१७मध्ये लॅटिट्यूड आणि स्टॅम्पीड या दोन चाचण्यांनी त्यातही आयुष्य वाढतं हे दाखवलं. हजारो पेशंट झाले, पण सगळीकडे १००० आणि उपाशीपोटी. ५०० विरुद्ध १००० अशी आयुर्मानावर बेतलेली सरळ लढत यातल्या एकाही चाचणीत नव्हती.

आता उपाशीपोटीची गोष्ट. अबिरॅटेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतं. त्यामुळे पोटात काय आहे यावर ते किती शोषलं जाईल हे ठरतं, आणि फरक थोडाथोडका नाही. माहितीपत्रकातले आकडे असे: ३०० कॅलरी आणि त्यात ७ टक्के स्निग्धांश असलेल्या हलक्या आहाराबरोबर घेतलं, तर शरीराला मिळणारं एकूण औषध उपाशीपोटीच्या सुमारे पाचपट आणि रक्तातली सर्वोच्च पातळी सातपट. ८२५ कॅलरी आणि ५७ टक्के स्निग्धांशाच्या भरगच्च जेवणाबरोबर हेच अनुक्रमे दहापट आणि सतरापट. इतकी तफावत दिसल्यावर कंपनीने ‘खाऊन घेऊ नका’ असा नियम केला, म्हणजे सगळ्यांची पातळी निदान एकसारखी खाली राहील.

या नियमाची किंमत विष्ठेच्या तपासणीत दिसते. खूण केलेलं औषध देऊन पाहिलं तर सुमारे ८८ टक्के विष्ठेतून बाहेर पडतं, आणि पोटात गेलेल्या मात्रेपैकी निम्म्याहून अधिक, साधारण ५५ टक्के, अजिबात न बदलता, गिळलं त्याच रूपात. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत याचा महिन्याचा खर्च पाच हजार डॉलरच्या आसपास होता. निम्म्या पैशाचं औषध संडासात. फार्माकॉलॉजी शिकवताना याहून झणझणीत उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

७२ पेशंट

शिकागो विद्यापीठातल्या मार्क रेटन यांनी हा मुद्दा आधीच एका वेगळ्या औषधाबाबत काढला होता. २००७मध्ये त्यांनी आणि एझ्रा कोहेन यांनी लॅपॅटिनिब या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधाबद्दल लिहिलं, की जेवणाबरोबर घेतलं तर कमी गोळ्यांत भागेल आणि महिन्याला सतराशे किंवा त्याहून जास्त डॉलर वाचतील. अबिरॅटेरॉनवर ही कल्पना प्रत्यक्ष तपासली ती रसेल श्मुलेविट्झ आणि सहकाऱ्यांनी, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत. अमेरिका आणि सिंगापूरमधले ७२ पेशंट, निम्म्यांना १००० उपाशीपोटी, निम्म्यांना २५० हलक्या नाश्त्याबरोबर. बारा आठवड्यांनी पीएसए किती उतरलं हा मुख्य निकष.

कमी मात्रेच्या गटात पीएसए निम्म्याने उतरलेले ५८ टक्के निघाले, पूर्ण मात्रेच्या गटात ५० टक्के. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ दोन्हीकडे नऊ महिन्यांच्या आसपास. रक्तातली औषधाची पातळी पूर्ण मात्रेच्या गटात जास्त होती, पण अँड्रोजन दोन्हीकडे सारखेच पडले.

हे शेवटचं वाक्य मला पीएसएच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. औषध जास्त, परिणाम तेवढाच. एन्झाइमचे रेणू एकदा अडवले गेले की वरचं औषध रक्तात नुसतं फिरत राहतं. ही गोष्ट अटार्ड यांच्या २१ पेशंटांत पठार म्हणून आधीच दिसली होती आणि घट्ट पकडीच्या रसायनशास्त्राशीही ती जुळते. तीन वेगळ्या दिशांनी एकच उत्तर येत असेल, तर ७२ हा आकडा लहान असूनही त्याला वजन येतं.

आक्षेपही कच्चे नाहीत. पीएसए म्हणजे आयुष्य नव्हे. ३६ विरुद्ध ३६मध्ये मध्यम आकाराचा तोटा सहज लपून जाऊ शकतो. चाचणी कॅस्ट्रेशन-रेझिस्टंट अवस्थेतल्या पेशंटांवर होती, तर आज हे औषध आजार नव्याने पसरलेला सापडताच दिलं जातं. म्हणूनच अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेच्या मार्गदर्शिकेने या मात्रेला जागा दिली, पण ज्यांना पूर्ण मात्रा परवडत नाही किंवा जे ती घेणार नाहीत त्यांच्यासाठी पर्याय म्हणून. माझ्या मते ही नेमकी जागा आहे. पूर्ण मात्रा सहज परवडते तिथे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध केलेली वाट सोडायचं कारण नाही. पण पूर्ण मात्रा विरुद्ध काहीच नाही, किंवा तीन महिने पूर्ण मात्रा आणि मग पैसे संपले म्हणून बंद, अशी निवड असेल तिथे २५०ला नाकारणं हा सावधपणा म्हणता येणार नाही.

आपल्याकडे प्रश्न असाच असतो. पुणे, दिल्ली, कोलकाता अशा शहरांच्या कर्करोग नोंदणीत प्रोस्टेट पुरुषांमधल्या आघाडीच्या कर्करोगांत आहे, आणि पेशंट बहुधा आजार पसरल्यावरच येतो. भारतीय कंपन्यांची जेनेरिक अबिरॅटेरॉन मिळतात, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये हे औषध अत्यावश्यक यादीत घातलं. तरी चार गोळ्यांचा महिना आणि एका गोळीचा महिना यांतलं अंतर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला पुरतं जाणवतं. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांचा सहभाग असलेल्या एका लेखाने २०२०मध्ये कमी मात्रेचा हा प्रश्न भारतासारख्या देशांच्या नजरेतून मांडला.

हलका नाश्ता म्हणजे काय

शास्त्र इथपर्यंत आलं की पुढचं सगळं स्वयंपाकघरात ठरतं. ३०० कॅलरीत ७ टक्के स्निग्धांश म्हणजे जेमतेम अडीच ग्रॅम, अर्धा चमचा तेल. आपले कांदेपोहे या हिशेबात बसत नाहीत. फोडणी आणि शेंगदाणे मिळून ते कुठल्या कुठे जातात. दोन इडल्या खोबऱ्याच्या चटणीशिवाय, किंवा साय काढलेल्या दुधाबरोबर फुलका, किंवा भाकरी आणि कमी तेलाची भाजी, हे जवळ जातं.

थोडं तेल जास्त झालं म्हणून घाबरायचं कारण कमी. २५० मिलिग्रॅम अगदी भरगच्च जेवणाबरोबर गेलं तरी दहापटीच्या हिशेबाने ते उपाशीपोटीच्या २५००इतकं होतं, आणि पहिल्या टप्प्यात २०००पर्यंत पेशंटांनी सोसलं होतं. खरा धोका दुसऱ्या दोन टोकांना आहे. एक म्हणजे खोक्यावरचं वाचून एकच गोळी उपाशीपोटी घेणं, म्हणजे खरोखर पावपट औषध. दुसरं म्हणजे चार गोळ्या लिहून दिलेल्या असताना ‘पोटात आग पडते’ म्हणून जेवणानंतर घेणं. दहापटीने हिशेब केला तर उपाशीपोटीच्या दहा हजार मिलिग्रॅमच्या बरोबरीचं. म्हणून मात्रा आणि आहार ही जोडी एकत्रच बदलते, आणि ती चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच बदलायची असते.

आपल्याकडचा आणखी एक घोळ परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही: उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी पाळणारे आजोबा त्या दिवशी गोळी एक तर कोऱ्या चहावर घेतात, नाही तर तूप आणि दाण्याच्या कुटाने माखलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवर. आधी विचारलं नाही तर ते आपणहून सांगत नाहीत. उपासाला राजगिऱ्याची लाही आणि साय काढलेलं दूध चालतं, एवढं सांगितलं की काम भागतं.

प्रेडनिसोलोन मात्र गोळ्या एक असोत की चार, सोडायचं नाही. सीवायपी१७ए१ अडलं की कॉर्टिसॉल कमी होतं, मेंदूच्या तळच्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच (अॅड्रेनलला कामाला लावणारं हार्मोन) वाढतं आणि अॅड्रेनलचा कच्चा माल दुसऱ्या वाटेला वळून मीठ-पाणी धरून ठेवणारे स्टेरॉइड वाढतात. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं, पायांवर सूज येते. हे एन्झाइम जन्मतः नसलेल्या मुलांत हेच चित्र दिसतं, त्यामुळे हा दुष्परिणाम औषध बनण्याआधीच सांगता येण्याजोगा होता. इथे सवयीने स्पायरोनोलॅक्टोन (अशा स्टेरॉइडांचा परिणाम अडवणारी नेहमीची गोळी) लिहू नये. ते अँड्रोजन रिसेप्टरलाच चाळवू शकतं. मार्सडेनच्या पहिल्या चाचणीत त्याजागी एप्लेरेनोन वापरलं होतं.

पीएसए पुन्हा चढतं तेव्हा

कमी मात्रेवरच्या पेशंटचं पीएसए वर्षभराने वाढलं, की घरात पहिला आरोप मात्रेवर होतो: ‘‘चार दिल्या असत्या तर?’’ रेण्वीय जीवशास्त्र या आरोपाला बरंचसं उत्तर देतं. जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २०१४मध्ये रक्तात फिरणाऱ्या कर्करोग पेशींत एआर-व्ही७ शोधलं. हा अँड्रोजन रिसेप्टरचा तुटका अवतार आहे. हार्मोन जिथे बसतो तो भागच त्याला नसतो, तरी तो कायम चालू असतो. अबिरॅटेरॉन घेणाऱ्या ३१ पेशंटांपैकी सहा जणांत तो सापडला, आणि त्या सहांपैकी एकाचंही पीएसए निम्म्याने उतरलं नाही. हार्मोनची गरजच नसलेल्या रिसेप्टरपुढे हार्मोन आणखी पाडून काय होणार? अबिरॅटेरॉन लागू पडेनासं झाल्यावर मात्रा १०००वरून २०००वर नेऊनही पाहिली गेली आहे. २०१७च्या त्या अभ्यासात पीएसए लक्षणीयरीत्या उतरलं नाही.

म्हणजे चढत्या पीएसएवर पुढचं पाऊल गोळ्या वाढवणं हे नसून वेगळ्या वाटेचं औषध शोधणं हे आहे: डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी, किंवा बीआरसीए२सारखा जनुकदोष सापडला तर ओलापॅरिब. त्याआधी फक्त एक खात्री करायची, की गोळी खरंच नाश्त्याबरोबर जात होती.

राहिला प्रश्न मोठ्या चाचणीचा. २५० आणि १००० आयुर्मानात सारखेच आहेत हे सिद्ध करायला हजाराच्या पटीत पेशंट आणि बरीच वर्षं लागतील. जिचा खप त्यामुळे एक चतुर्थांशावर येईल ती कंपनी यात पैसा घालणार नाही. हे काम सरकारी किंवा सामाईक निधीचं आहे, आणि टाटा मेमोरियलभोवती उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड ही कर्करोग रुग्णालयांची साखळी अशा कामाला योग्य जागा आहे, कारण इथे पेशंट आहेत आणि बचतीची गरजही इथेच आहे. गरज वाढतेच आहे. स्टॅम्पीडचे २०२२चे निकाल सांगतात, की आजार पसरलेला नसूनही जोखीम मोठी असेल तर दोन वर्षं अबिरॅटेरॉन दिल्याने फायदा होतो: सहा वर्षांनी आजार न पसरता जगणारे ८२ टक्के, न दिलेल्यांत ६९. दोन वर्षं म्हणजे छापील मात्रेने एका पेशंटला २,९२० गोळ्या, नाश्त्याबरोबरच्या मात्रेने ७३०.